पावती फाडायची की पायरी चढायची?

पूर्वी चौकात शिट्टी वाजायची. हवालदार हात दाखवायचा, आपण स्कूटर बाजूला घ्यायचो आणि पर्समध्ये कागद शोधायला लागायचो. मग थोडी विनवणी, थोडी वादावादी आणि शेवटी पावती. आता बऱ्याचदा शिट्टीही वाजत नाही. दुपारी जेवणं उरकून जरा टेकावं, तर मोबाईलवर मेसेज येऊन पडतो, 'आपल्या वाहनावर ई-चलन झाले आहे.' कारण काय, तर विमा नसताना वाहन चालवलं. दंड दोन हजार रुपये!

दोन हजार म्हणजे एखाद्या घरचा महिन्याचा गॅस आणि लाइट बिल. पोळीभाजीचे डबे करणाऱ्या बाईची आठवडाभराची कमाई. त्यामुळे मेसेज आला की आधी छातीत धस्स होतं आणि मग घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, 'भरून टाक आणि मोकळी हो, कुठं कटकट!' दुसरा म्हणतो, 'भरायचे कशाला? ही चलनं अशीच पडून असतात, कोण विचारतंय?' तिसरा पक्ष सहसा कुणी मांडतच नाही. तो म्हणजे, चलन बरोबर आहे की चूक हे आधी बघू आणि चूक असेल तर दाद मागू. कारण लहानपणापासून आपल्या कानावर एकच पडलेलं असतं, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.

महिला मंडळाच्या कामामुळे असे मेसेज घेऊन बायका माझ्याकडे येतात. मी वकील नाही, साधी बी.ए. झालेली गृहिणी. पण कागद वाचायला येतात, सरकारी कचेरीत जायची भीती गेलेली आहे आणि मंडळाच्या ओळखीच्या वकीलताई शंका विचारल्या की सांगतात. एवढ्या भांडवलावर या विषयाचा विचार केला, तेव्हा लक्षात आलं की 'भरू की लढू' हा प्रश्न आपण फार घाईनं विचारतो. त्याच्या आधी एक प्रश्न आहे. त्या दिवशी, त्या वेळी, गाडीला विमा होता का?

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि आणली तर कलम १९६ नुसार शिक्षा होते. पूर्वी हा दंड एक हजार रुपये होता. १ सप्टेंबर २०१९ पासून सुधारित कायद्यानं तो पहिल्या वेळी २००० आणि पुन्हा सापडल्यास ४००० रुपये केला. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहेच. वाढीव दंडाला तेव्हा आपल्याकडे बराच विरोध झाला. महाराष्ट्रात ते नवे दर डिसेंबर २०२१ पासून वसूल होऊ लागले.

आणखी एक गोष्ट बायकांनी नीट वाचावी. हे कलम फक्त गाडी चालवणाऱ्याला धरत नाही. जो दुसऱ्याला विम्याविना गाडी चालवू देतो, त्यालाही धरतं. म्हणजे गाडी तुमच्या नावावर असेल आणि भाचा ती घेऊन कॉलेजला गेला असेल, तरी तुम्ही त्यातून सुटत नाही.

आता तीन प्रकार सांगते. तिन्ही आमच्या मंडळातले आहेत. नावं अर्थातच सांगत नाही.

पहिली आमची एक वहिनी. २०२२ साली नवी स्कूटर घेतली, शाळेत मुलांना सोडायला. चौकात अडवलं, तेव्हा तिनं पर्समधला पहिल्या वर्षीचा विम्याचा कागद दाखवला. त्यावरची २०२३ ची तारीख बघून चलन केलं गेलं. घरी नवरा म्हणाला, 'तारीख संपलीय, भर आता.' तिला मात्र पटेना. ती कागद घेऊन माझ्याकडे आली. आम्ही दोघींनी चष्मे लावून तो वाचला, तर त्यात दोन वेगवेगळ्या तारखा! सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकी घेताना थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो, तर नव्या मोटारीला तीन वर्षांचा. मात्र आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला 'ओन डॅमेज' म्हणतात तो विमा, बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. कायद्याची सक्ती आहे ती थर्ड पार्टीची. ओन डॅमेज घ्यायचा की नाही ही तुमची मर्जी. वहिनीचा ओन डॅमेज २०२३ ला संपला होता, पण थर्ड पार्टी २०२७ पर्यंत चालू होता. चलन चूकच होतं.

मग काय केलं? वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची सोय आहे. तिथं चलनाचा क्रमांक आणि पॉलिसीचा फोटो टाकला. शिवाय वाहतूक शाखेत लेखी अर्ज दिला, दोन प्रतींत, आणि एका प्रतीवर पोच घेतली. दोन खेपा झाल्या, दोन वेळा शाळेची रिक्षा सांगावी लागली. तिथले साहेब म्हणाले, 'मॅडम, ही दुसरी तारीख आधीच दाखवली असती तर!' पण चलन रद्द झालं.

घरच्यांचं म्हणणं होतं की दोन खेपांचा वेळ आणि पेट्रोल धरलं तर काय मोठं मिळवलंस? मला वाटतं, बरंच मिळवलं. दंड भरला की प्रकरण मिटतं हे खरं, पण गाडीच्या नावावर त्याची नोंद राहते. उद्या पुन्हा असाच घोटाळा झाला, तर तो 'दुसऱ्यांदा केलेला गुन्हा' धरला जाऊ शकतो आणि मग आकडा होतो चार हजार. आणि पैशांचं सोडा, न केलेला गुन्हा आपण का म्हणून कबूल करायचा?

इथं आणखी एक फरक ध्यानात ठेवा. विमा नसणं वेगळं आणि विम्याचा कागद जवळ नसणं वेगळं. कागद घरी राहिला असेल आणि तो सात दिवसांच्या आत सांगितलेल्या पोलीस ठाण्यात नेऊन दाखवला, तर केवळ कागद दाखवला नाही एवढ्यावरून दोषी ठरवता येत नाही, असं कलम १५८ सांगतं. शिवाय डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर मोबाईलमध्ये दाखवलेला कागदही केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ग्राह्य आहे. 'मूळ कागदच पाहिजे' असं कुणी म्हटलं, तर नम्रपणे पण ठामपणे हे सांगायला हरकत नाही.

दुसरा प्रकार याच्या अगदी उलटा. एका ताईंची स्कूटर २०१९ ची. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०२४ मध्ये संपला. पाच वर्षांत त्या विमा हा शब्दच विसरून गेल्या होत्या. दरवर्षी भरायचा असता तर दिवाळीच्या खर्चासारखा लक्षात राहिला असता. शोरूममधूनही कुणी फोन केला नाही. चलन आलं तेव्हा विमा संपून चार महिने झाले होते. त्याच संध्याकाळी त्यांनी नवा विमा काढला आणि मला विचारलं, 'ताई, आता हा दाखवून भांडता येईल ना?'

नाही हो, येणार नाही! पॉलिसीवर नुसती तारीख नसते, ती कोणत्या वाजल्यापासून सुरू होते तेही छापलेलं असतं. दुपारी साडेबाराला पकडलेल्या गाडीला मध्यरात्रीपासून सुरू होणारा विमा उपयोगाचा नाही. त्यांना एकानं असंही सुचवलं होतं की ओळखीचा एजंट आहे, मागची तारीख घालून कागद करून देईल. हे ऐकून मात्र मी त्यांना चांगलंच रागावले. दोन हजारांच्या दंडापायी बनावट कागदाचा गुन्हा अंगावर घेणार का? आणि पॉलिसी खरी की खोटी हे आता क्रमांक टाकला की कळतं.

अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे. विमा नव्हता, तर दंड भरून टाकावा. चलनावर वेळ पाच मिनिटं चुकली आहे, रस्त्याच्या नावात काना नाही, असल्या गोष्टी धरून लढायला जाऊ नये. वकील लावला तर त्याची फीच दंडाच्या वर जाईल. 'पडून राहू दे' हा पक्ष तर सगळ्यात महागडा. ती थकबाकी गाडीच्या नोंदीत साठत जाते, पुढं कोर्टाची नोटीस येते आणि गाडी विकायच्या वेळी नेमकी सगळी चलनं डोकं वर काढतात.

राष्ट्रीय लोक अदालतीत ई-चलनाची प्रकरणं ठेवली जातात, त्याच्या नोटिसा मोबाईलवर येतात. तिथं जायला काहीच हरकत नाही. पण एक समजून घ्या, लोक अदालत म्हणजे तडजोड. तिथं कोण खरं, कोण खोटं याचा निवाडा होत नाही आणि झालेल्या तडजोडीवर अपील नसतं. ज्यांना दंड मान्य आहे आणि प्रकरण मिटवायचं आहे, त्यांच्यासाठी ती जागा ठीक. वहिनीसारखं ज्यांचं म्हणणंच 'मी गुन्हा केलेला नाही' असं आहे, त्यांनी आधी तक्रार करावी. ती ऐकली गेली नाही आणि कोर्टाचं बोलावणं आलं, तर तारखेला हजर राहून 'गुन्हा कबूल नाही' असं सांगून कागद पुढं ठेवावेत. तसं सांगण्याचा हक्क आपल्याला आहे.

तिसरा प्रकार मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. आमच्याकडे शिवणाच्या वर्गाला येणाऱ्या एका बाईंनी चार वर्षांपूर्वी आपली जुनी गाडी नात्यातल्या एकाला विकली. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, पैसे मिळाले, विषय संपला. आरटीओत नाव बदलायचं राहूनच गेलं. 'घरातलाच माणूस, करेल तो.' त्यानं केलं नाही. विमाही काढला नाही. आता चलन आलं ते या बाईंच्या मोबाईलवर. त्या म्हणाल्या, 'त्याच्याकडून दोन हजार घेते आणि भरून टाकते, नात्यात वाईटपणा नको.'

दोन हजारांचं ठीक आहे हो, पण त्या गाडीनं उद्या कुणाला उडवलं तर? ६ फेब्रुवारी २०१८ रोजी 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गाडी विकलेली असली, पुढं अनेक हातांतून गेलेली असली, तरी आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तोच भरपाईच्या दृष्टीनं मालक. म्हणजे विमा नसलेल्या त्या गाडीच्या अपघाताची भरपाई, ती पाच लाख असो की पंचवीस, या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या मानेवर! त्यांनी दंड भरला काय किंवा लढवला काय, खरा धोका तसाच उभा. त्यांना आधी फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्यायला सांगितलं. विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, हे किती जणींना माहीत असतं?

आपल्या घरांमध्ये ही गोष्ट फार होते. कर्ज बायकोच्या नावावर मिळालं म्हणून गाडी तिच्या नावावर, चालवतो दीर. नवरा गेला, गाडी त्याच्याच नावावर राहिली, चालवतो मुलगा. किल्ली एकाच्या हातात, कागद कुठल्या तरी पिशवीत आणि जबाबदारी मात्र नाव असलेल्या बाईची. दागिन्यांची पावती आपण जपून ठेवतो, मग गाडीचे कागद 'ह्यांचं काम' कसं काय होतं?

आता कुणी म्हणेल, दोन हजारांच्या चलनाचं एवढं काय? म्हणून हा थर्ड पार्टी विमा कोणासाठी असतो ते सांगते. पहिली पार्टी आपण, दुसरी विमा कंपनी आणि तिसरी पार्टी म्हणजे रस्त्यावरचा तो अनोळखी माणूस, ज्याला आपल्या गाडीचा धक्का लागू शकतो. भाजी घेऊन रस्ता ओलांडणारी म्हातारी, सायकलवरचा पोरगा. विमा त्यांच्यासाठी आहे. आपल्या देशात वाहनांना या विम्याची सक्ती १९४६ पासून आहे, ती याच विचारानं.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. महाराष्ट्रातली संख्या १५ हजारांच्या वर होती. आणि संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालात नमूद केलं आहे, की रस्त्यावरच्या निम्म्याहून अधिक वाहनांना विमाच नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. अपघातात कर्ता माणूस गेला आणि धडक देणारी गाडी विम्याविना असली, तर त्या घरानं पैसे मागायचे कुणाकडे?

अशा एका भगिनीबरोबर मी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात काही वर्षं तारखांना गेले आहे. नवरा सायकलवरून कामावर जात होता. धडक दिली ती विमा संपलेल्या मोटरसायकलनं. निकाल तिच्या बाजूनं लागला, रक्कमही ठरली, पण ती द्यायची होती गाडीच्या मालकानं आणि तो होता रोजंदारीवर जाणारा. अशी रक्कम जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. पण ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याच्याकडून काय वसूल करणार? विमा असता तर कंपनीनं दिले असते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या कलम १६४ नुसार तर चूक कुणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. आमच्या त्या भगिनीकडे आज निकालाची प्रत आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. ती आणि तिची मुलगी दोघी पापड लाटतात.

आणि हा विमा केवढ्याला पडतो? २०२२ साली ठरवलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. म्हणजे साडेआठशेच्या आत. महिन्याला सत्तर रुपये! एका वर्षाच्या दंडात दोन वर्षांचा विमा होतो.

पण सगळं नागरिकांच्याच माथी मारून चालणार नाही. गाडीचा क्रमांक टाकला की विमा कधी संपला ते सरकारच्या यंत्रणेला कळतं. चलन करायला जे कळतं, ते आठवण करून द्यायला कळत नाही का? विमा संपायच्या पंधरा दिवस आधी त्याच मोबाईल क्रमांकावर मराठीत साधा मेसेज पाठवला, तर किती चलनं वाचतील आणि किती गाड्यांना विमा मिळेल! दुसरं, चूक चलन रद्द करून घ्यायला लागणारा त्रास दंड भरण्यापेक्षा जास्त असेल, तर माणसं निमूटपणे चूक चलनही भरतात. रोजंदारी बुडवून दोन खेपा घालणं धुणीभांडी करणाऱ्या बाईला परवडत नाही. वाहतूक शाखेत आठवड्यातून एक संध्याकाळ फक्त तक्रारींसाठी ठेवली, तक्रारीला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर दिलं, तर दंडाविषयी लोकांच्या मनातला राग बराच कमी होईल. वचक हवाच, पण त्याबरोबर विश्वासही हवा.

तोवर आपल्या हातात काय आहे? चलन आलं की त्यावरची तारीख, वेळ, ठिकाण, फोटो आणि कलम वाचा. फोटोतली गाडी आपलीच आहे ना ते बघा. मग पॉलिसी काढा आणि थर्ड पार्टीची तारीख आणि वेळ जुळवा. विमा चालू होता तर न घाबरता दाद मागा. नव्हता तर दंड भरा आणि गाडी बाहेर काढण्याआधी विमा काढा. नाव जुनं असेल तर आधी नाव बदला. आणि एक सावधगिरी, मेसेजमधल्या कुठल्याही अनोळखी दुव्यावर बोट ठेवून पैसे भरू नका. हल्ली खोट्या चलनांचे मेसेज पाठवून बँकेतले पैसे काढून घेतात. वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा महाट्रॅफिक ॲपवर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक टाका, चलन खरं असेल तर तिथं दिसेल.

आमच्या मंडळात भिशीची वही आहे. प्रत्येकीचं नाव, रक्कम, कुणाची पाळी कधी, सगळं त्यात असतं. गेल्या महिन्यापासून त्यात आम्ही एक रकाना वाढवला आहे, 'गाडी कुणाच्या नावावर आणि थर्ड पार्टी कधी संपतो'. पहिल्याच दिवशी सव्वीस जणींपैकी अकरा जणींना आपली तारीख सांगता आली नाही. पुढच्या भिशीला त्या कागद घेऊन येणार आहेत.